वेळ लिहा, दिशा लिहा!

"सर, हे काय आहे?" बस्स, लोक मला एवढंच विचारतात. सोबत आभाळाचा काळाकुट्ट फोटो, मधोमध पांढरा ठिपका. अरे, कधी काढला? कुठून? कुठल्या दिशेला? गोव्यातल्या मिरामार किनाऱ्यावरून पश्चिमेला, सूर्यास्तानंतर तासाभरात काढला असेल तर बहुधा शुक्र. पण मिरामार की घाटापायथ्याचं मोले, सांज की पहाट, हे मी त्या ठिपक्यावरून ओळखायचं?

रेघ दिसली की "उल्का ना?" एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा प्रकाश टिपत राहतो तो वेळ, 30 सेकंदांचं असेल तर विमानाचीही रेघ उमटते, अंतराळ स्थानकाचीही! ते साधारण 90 मिनिटांत पृथ्वीभोवती फेरी मारतं. मिनिट कळलं तर पडताळून लगेच सांगता येतं. नेमकं तेच कोणी लिहीत नाही. वर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून, म्हणजे वेळेची नोंद गायब, फोटो दाबून लहान होताना बारीक तारे मेलेले. शिवाय कापून, रंग भडक करून! आणि कुणीतरी पाठवलेला तो "हिरवा धूमकेतू"? मांडवीकाठच्या दिव्याचं भिंगातलं प्रतिबिंब, दुसरं काय!

विचारा हो, जरूर विचारा, मला आवडतं. पण आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ बंद. मोकळी रात्र मिळते तेव्हा तासन्‌तास कॅमेरा लावता, मग वेळ-दिशा टिपून ठेवायचाच कंटाळा का?