पहारीचे ७७० अंश एका थराला लागू नाहीत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांपासून आयटीआयच्या पोरांपर्यंत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘लोखंड ७७० अंश सेल्सिअसलाच चुंबकत्व सोडतं, पहार असो वा एका अणूचा पापुद्रा. पातळ थरात हे तापमान उतरतं म्हणणाऱ्यांनी गंज मोजलाय. एकाच थरात तर चुंबकत्व असूच शकत नाही, हे १९६६ सालीच सिद्ध झालंय.’ माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तो पाठवून ‘सर, खरं काय हो?’ असं विचारलं, म्हणून लिहितोय.

पहारीपुरतं ते बरोबर आहे. भट्टीतून काढलेल्या लाल जॉबला लोहचुंबक लावून बघणाऱ्या आपल्या कारागिरांचा अंदाज ७७० वरच उभा आहे, आणि १ मिलिमीटर पत्र्यालाही तो चालतो. त्या पत्र्यात अणूंचे सुमारे ५० लाख थर असतात. पण थर पाच-दहावर आले की गणित बदलतं. लोखंडाच्या आतल्या अणूला अगदी जवळचे ८ शेजारी असतात. टंगस्टनवर चढवलेल्या एकाच थरात उरतात ४. चुंबकत्व टिकतं ते शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे. लेझीमच्या मोठ्या पथकात चुकलेल्याला चारी बाजूंनी ताल मिळतो, एकाच रांगेत तो लवकर भरकटतो, तसंच हे. शिवाय क्युरी तापमान, म्हणजे ज्या तापमानाला चुंबकत्व सुटतं ते, जवळ आलं की एका अणूचा चुंबकी कल जितक्या लांबच्या अणूपर्यंत जाणवतो, ते अंतर वाढत जातं. ते थराच्या जाडीएवढं झालं की उभ्या दिशेला वाढायला जागाच उरत नाही, आणि अवस्थांतर, म्हणजे चुंबकाचं अचुंबक होणं, खालच्या तापमानाला होतं. निकेलचं क्युरी तापमान एरवी सुमारे ३५५ अंश. तांब्यावरचे त्याचे तीन थर खोलीच्या तापमानालाही चुंबक राहत नाहीत.

गंजाचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. उघड्यावर ठेवलेला थर खरंच गंजतो. पण हे प्रयोग होतात अतिनिर्वात कक्षात, तिथे हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतो. त्याहून भक्कम पुरावा वेगळाच आहे. १९९२ साली ली आणि बाबरश्के या भौतिकशास्त्रज्ञांनी टंगस्टनवरच्या निकेलचे थर एकेक करून तपासले. पाच ते सात थरांच्या आसपास, तापमान चढताना चुंबकत्व मावळण्याची रीतच पालटते. थर त्याहून कमी असले की ते शेवटपर्यंत तग धरून एकदम कोसळतं, आणि ते कसं मावळतं हे सांगणारा घातांक सपाट, द्विमितीय चुंबकाच्या गणितातून निघणाऱ्या १/८ च्या जवळ येतो. गंजाने चुंबकत्व कमी होईल, पण नेमका हा घातांक तो कुठून आणणार?

उरलं १९६६. सपाट थरात चुंबकत्व टिकत नाही, हा मर्मिन आणि वाग्नर या भौतिकशास्त्रज्ञांचा त्या सालचा सिद्धांत पक्का आहे, पण त्याला एक अट आहे: अणूंच्या चुंबकत्वाला सगळ्या दिशा सारख्याच पसंत हव्यात. खऱ्या थरात स्फटिकाची एखादी दिशा लाडकी असते, आणि तशा द्विमितीय चुंबकाला अवस्थांतर असतं हे शास्त्रज्ञ ऑनसागर यांनी १९४४ सालीच गणिताने दाखवलं होतं. टंगस्टनवरचा लोखंडाचा एक थर शून्याखाली सुमारे ५० अंशांपर्यंत चुंबक राहतो, त्याहून तापला की नाही. म्हणजे मजकुरातली ‘पापुद्र्यालाही ७७०’ आणि ‘एका थरात अशक्य’ ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. तशीही ती एकत्र खरी असूच शकत नव्हती.