‘सेंद्रिय घरगुती बिअर’ मुतखडा विरघळवत नाही

गेले काही आठवडे वडोदऱ्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर ‘मुतखड्यावर रामबाण : घरगुती सेंद्रिय बिअर’ या मथळ्याचा एक मजकूर फिरत आहे. अशा प्रत्येक मजकुराला उत्तर देत बसण्याचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही, परंतु वाघोडिया रोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत तो पोहोचला, तिच्या यजमानांच्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा अडकलेला आहे, आणि तिने मला अगदी गंभीरपणे विचारले, “ताई, यांना देऊन पाहू का? सेंद्रियच आहे, अपाय तर व्हायचा नाही ना?” बहीण शिकलेली आहे, मी स्वतः आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि तरीही आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहतो, याचा राग अधिक आहे.

ज्यांनी मजकूर पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातली कृती आणि दावे थोडक्यात असे : सेंद्रिय जव रात्रभर भिजवून सकाळी कुटावेत, ५ लिटर पाण्यात ते जव, १ किलो सेंद्रिय गूळ आणि बेकरीत मिळणारे यीस्ट कालवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरावे, बाटल्या सात दिवस उन्हात ठेवाव्यात आणि मग रोज दोन पेले घ्यावेत. यात रसायन नसल्यामुळे नशा येत नाही, खडा आठवड्याभरात विरघळून जातो, स्वतःपुरते केल्यास कायद्याची आडकाठी नाही, कंपनीच्या बिअरमध्ये मात्र ग्लिसरीन असते, आणि डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा बसेल.

खड्याचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून तो आधी घेते. बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि असा खडा तयार झाल्यावर कोणत्याही पेयाने विरघळत नाही. जवाच्या पाण्याने नाही, नारळपाण्याने नाही आणि बिअरनेही नाही. तो लहान असेल तर लघवीवाटे आपणहून पडतो, मोठा असेल तर फोडावा किंवा काढावा लागतो. विरघळणारा खडा म्हणजे प्रामुख्याने यूरिक अ‍ॅसिडचा, आणि त्यासाठीसुद्धा पोटॅशियम सायट्रेटसारखे औषध देऊन, तपासण्या करत, लघवीची आम्लता डॉक्टरांना कमी करावी लागते. बिअर इथे नेमके उलटे काम करते, कारण तिच्यातील प्युरिन या घटकामुळे (शरीरात त्याचेच यूरिक अ‍ॅसिड होते) आणि अल्कोहोलमुळे रक्तातील यूरिक अ‍ॅसिड वाढते, जे संधिवाताच्या एका प्रकाराचे, म्हणजे गाउटचे, मूळ आहे. घरच्या न गाळलेल्या बिअरमध्ये तळाशी बसलेले यीस्टही पोटात जाते आणि यीस्ट हा प्युरिनचा साठाच असतो.

या दाव्यात एक अर्धसत्य दडलेले आहे आणि ते मान्य केल्यावाचून प्रतिवाद प्रामाणिक होणार नाही, म्हणून नाइलाजाने मान्य करते. अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या क्लिनिकल जर्नलमध्ये २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,९४,०९५ लोकांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी आठ वर्षांहून अधिक काळ तपासलेल्या होत्या, आणि आठवड्याला एकापेक्षा कमी वेळा बिअर घेणाऱ्यांच्या तुलनेत रोज एक किंवा अधिक वेळा घेणाऱ्यांमध्ये खडा होण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मजकूर लिहिणाऱ्याच्या कानावर बहुधा याचाच कुठला तरी तुकडा आलेला असावा. परंतु त्याच अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांनी, संत्र्याच्या रसाने १२ टक्क्यांनी आणि आपल्या रोजच्या चहाने ११ टक्क्यांनी कमी आढळले, याचा उल्लेख कोणी करत नाही. हा अभ्यास नव्याने खडा होण्याविषयी आहे; झालेला खडा विरघळण्याविषयी त्यात एक ओळही नाही. शिवाय तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, कोणाला बिअर पाजून केलेला प्रयोग नव्हे, आणि त्यातील बिअर म्हणजे कारखान्यात मोजूनमापून तयार झालेली, गच्चीवर आंबवलेले गुळाचे पाणी नव्हे. बिअर प्यायल्यावर लघवी जास्त होते हे खरे, कारण अल्कोहोल मेंदूतून सुटणाऱ्या, पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते. पण त्यामागोमाग शरीर कोरडे पडते, आणि मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असताना एकाएकी लघवीचा लोंढा सोडणे म्हणजे कळ वाढवणे होय.

याहूनही गंभीर गोष्ट औषधांची आहे. मूत्रवाहिनीतील खडा पडावा म्हणून टॅमसुलोसिन हे औषध सर्रास दिले जाते. त्याने रक्तदाब उतरू शकतो आणि वर अल्कोहोल घेतल्यास उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. कळ थांबवण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक आणि अल्कोहोल एकत्र आले तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या मेहुण्यांना ही दोन्ही औषधे चालू आहेत, आणि मधुमेहाची गोळी निराळी. ‘अपाय तर व्हायचा नाही ना’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

आता कृतीकडे वळते, कारण हास्यास्पदपणात तिची बरोबरी दुसरा कोणताही मुद्दा करू शकत नाही. माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो आणि हौसेने घरी बिअर तयार करतो. तिथे ते कायदेशीर आहे आणि त्याचे हे काम मी त्याच्या स्वयंपाकघरात जवळून पाहिले आहे. नुसते भिजवलेले जव यीस्टला काहीच उपयोगाचे नसतात, कारण जवात असतो स्टार्च आणि यीस्ट खाते साखर. आधी जवाला मोड आणावे लागतात, मग ते ठरावीक तापमानाला वाळवून भाजावे लागतात आणि त्याचे मॉल्ट होते; हे मॉल्ट भरडून सुमारे ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे मोड येताना तयार झालेली विकरे (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. त्यानंतर तो गोड अर्क हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, घालून तासभर उकळायचा, लवकरात लवकर २० अंशांपर्यंत थंड करायचा आणि मगच यीस्ट घालायचे. उकळल्यानंतर त्या द्रवाला स्पर्श होणारे भांडे, नळी, चमचा, झाकण असे सर्व काही निर्जंतुक केलेले असते, आणि या बाबतीत माझा मुलगा इतका काटेकोर आहे की, त्याने माझ्या हातातला धुतलेला डाव काढून घेतला होता. फिरत्या मजकुरात मोड नाहीत, मॉल्ट नाही, हॉप्स नाहीत आणि उकळणे हा शब्दसुद्धा नाही. कच्च्या जवाच्या सालीवरचे जिवाणू पाण्यात तसेच राहणार, गुळावर यीस्ट माजणार आणि आठवड्याने हाती येईल ती आंबूस गुळाची दारू. तिला बिअर म्हणणे हा बिअरचा अपमान आहे.

ती किती कडक होईल, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. १ किलो गुळात साधारण ९०० ग्रॅम साखर धरली आणि ५ लिटर पाण्यात तो विरघळल्यावर एकूण साडेपाच लिटरच्या पुढे द्रव झाला असे मानले, तर लिटरमागे १६० ग्रॅम साखर येते, म्हणजे यीस्टने काम पूर्ण केल्यास अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या देशातील अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे ‘स्ट्राँग’ बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. ज्या पेयाने ‘नशा येत नाही’ असे छातीठोकपणे सांगितले आहे, ते दुकानातल्या सर्वांत कडक बिअरच्या वर जाऊ शकते, आणि त्याचे दोन पेले औषध म्हणून रोज घ्यायचे आहेत!

अर्थात ते पिण्याची वेळ येईलच असे नाही, कारण त्याआधी बाटल्या फुटतील. घरी बिअर करणारे लोक आंबवण्याचे काम हवाबंद बाटलीत करत नाहीत. वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी पाण्याची झडप लावलेल्या भांड्यात ते दोनेक आठवडे चालू देतात. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्या द्रवात तरंगवून घनता पाहतात. सुरुवातीला १.०४८ दाखवणारी नळी हळूहळू १.०११ पर्यंत बुडते, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा पुन्हा आला की साखर संपली असे समजून बाटल्या भरतात. फेस यावा म्हणून तेव्हा लिटरमागे जेमतेम ६ ते ८ ग्रॅम साखर घालतात, तीसुद्धा काट्यावर तोलून. इथे लिटरमागे १६० ग्रॅम साखर, जिवंत यीस्ट, घट्ट बूच आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यातली गच्ची! आंबण्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड कोंडला की काच कुठेतरी हार मानणारच, आणि त्या वेळी गच्चीवर पापड वाळत घालणारी कोणीतरी असेल. ऊन हे बिअरचे वैरीही आहे. उजेडाने हॉप्समधील घटक बिघडून कुबट वास येतो, म्हणूनच तर बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात. इथे हॉप्सच नसल्यामुळे तेवढा एक दोष टळेल.

‘सेंद्रिय’ या बिरुदावर सर्व भरवसा टाकलेला आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द. सेंद्रिय प्रमाणपत्र शेतात काय घातले आणि काय घातले नाही याची हमी देते. त्या धान्यापासून तयार झालेले इथेनॉल, म्हणजे दारूतले अल्कोहोल, इतर कोणत्याही इथेनॉलहून रेणूभरही वेगळे नसते आणि यकृत त्यात फरक करत नाही. छंद म्हणून सेंद्रिय मॉल्ट वापरणाऱ्यांविषयी मला आदर आहे, जमिनीचा आणि शेतकऱ्याचा विचार त्यामागे असतो, पण त्यांनाही प्रमाणपत्राच्या मर्यादा ठाऊक असतात. अमेरिकेत २०१२ अखेरपर्यंत साध्या हॉप्सपासून केलेल्या बिअरवरसुद्धा सेंद्रिय शिक्का मारता येत होता, कारण पुरेसे सेंद्रिय हॉप्स मिळत नसल्याची सवलत नियमातच होती. २०१३ पासून ती गेली. खंडेराव मार्केटच्या परिसरात सुट्या गोणीवर खडूने ‘ऑर्गेनिक’ लिहिलेले जव घेणाऱ्याने सेंद्रिय प्रमाणपत्राचे अधिकृत चिन्ह कुठे आहे, एवढे तरी विचारावे.

कायद्याचा मुद्दा वाचून मात्र मी थक्क झाले. ‘स्वतःपुरते केल्यास चालते’ हे वाक्य खरे आहे, पण ते अमेरिकेत. तिथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, बिअर स्वतःसाठी करण्याची करमुक्त मोकळीक दिली. कोणीतरी तिकडचे वाक्य उचलून गुजरातच्या माथी मारले आहे, जिथे १९४९ चा दारूबंदी कायदा राज्याच्या स्थापनेपासून लागू आहे आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू तयार करण्याबद्दल १० वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांच्याकडे प्रकृतीच्या कारणास्तव मिळालेला परवाना आहे, त्यांनीही भ्रमात राहू नये. तो विकत घेण्याचा आणि पिण्याचा परवाना आहे, तयार करण्याचा नव्हे. समूहातील इंदूरच्या नातेवाइकांनी लगेच हसू नये, मध्य प्रदेशातही १९१५ च्या आबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हाच आहे.

ग्लिसरीनची गोष्ट जुनी आहे आणि बाटली पाण्यात उलटी धरून ते ‘काढून दाखवणारे’ काका प्रत्येक लग्नात भेटतात. यीस्ट आंबवताना थोडे ग्लिसरीन स्वतःच तयार करते, त्यामुळे ते घरच्या बिअरमध्येही असणारच. विषबाधेच्या बाबतीत मात्र मजकुरावर टीका करणाऱ्यांनीही एक चूक करू नये. २०२२ साली गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली, ती आंबवण्यात आपोआप तयार झालेल्या विषाने नव्हे, तर औद्योगिक मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल प्यायल्यामुळे. जव किंवा गूळ आंबवताना मिथेनॉल नगण्य प्रमाणात होते. या कृतीवर आक्षेप घेण्यासाठी मिथेनॉलची भीती घालण्याची आवश्यकता नाही.

राहिला डॉक्टरांच्या धंद्याचा आरोप. बहिणीच्या यजमानांना डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की, दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, मीठ कमी करा आणि जवाचे पाणी आवडत असेल तर खुशाल घ्या. या सल्ल्यात विकत घेण्यासारखे काहीच नव्हते, कदाचित म्हणूनच तो घरात कोणाच्या लक्षात राहिला नाही. आणि बिअरच्या बाजूने जो एकमेव आकडा दाखवता येतो, तो ४१ टक्क्यांचा आकडा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीच, त्यांच्याच नियतकालिकात, स्वतःच्या नावानिशी छापलेला आहे.