शिळं नको, मग मोजून करा ना!

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदोशी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार) पेशंट वाढले, तेव्हा आरोग्य खात्यानं सांगितलं, पाणी उकळून प्या, ताजं खा. योग्यच सांगितलं. पण आमच्या सोसायटीनं त्यातलं ‘ताजं’ तेवढं उचललं आणि स्वयंपाक पहिल्याइतकाच ठेवला. माणसं चार, पोळ्या सोळा! रात्री उरलं की सकाळी बादलीत. साथ ओसरली, ही सवय काही जाईना.

आज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी जिन्यात बसून गाठ मारलेली पिशवी सोडत होत्या. आत तूप लावलेल्या पाच पोळ्या, घडीसुद्धा मोडलेली नाही. खाली अख्खी वाटीभर मटारची उसळ. त्या माउलीनं ते सगळं हातानं वेगळं केलं. मला बघवेना.

अहो, जीबीएसच्या काही पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो जातो दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या चिकनमधून. रात्री वेळेवर फ्रिजमध्ये ठेवलेली आणि सकाळी चांगली उकळी आणलेली आमटी कशाला ओतता? फोडणीची पोळी खाऊनच आपण मोठे झालो ना? आणि मुळात कणीकच दोन वाट्या कमी भिजवा की!

संताप याचा येतो, की ज्या घरातून रोज अन्न फेकतात, तिथेच विचारलं तर म्हणतात, ‘पाणी रोज कोण उकळत बसणार? गॅस किती जातो!’