आईच्या कालनिर्णयावरच्या फुल्या

आज बेळगावच्या गणपत गल्लीत कुंदा, आपली इथली मिठाई, घ्यायला थांबले होते. ओळखीचे एक काका भर दुकानात म्हणाले, "भाऊ अमेरिकेत, तुम्हाला आता कसली काळजी गं?" तिथे काही बोलले नाही. घरी येईपर्यंत डोकं तापलं.

काळजी सांगू? मागच्या वर्षी धाकट्याची नोकरी गेली. तिथे नोकरी करायचा एच-वन बी व्हिसा कंपनीच्या अर्जावर मिळतो. कंपनीने काढलं की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरला तर ठीक, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळा. भावजयीचा व्हिसाही त्याच्याच जिवावर. पोरगी पहिलीत.

आईला हे कळलं त्या रात्रीपासून तिने शहापूरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर फुल्या मारायला सुरुवात केली. जेवणं उरकली, ओटा पुसला, की लाल पेनाने एक फुली. संकष्टीवर फुली, एकादशीवर फुली. बोलायची काही नाही.

मान्य आहे, त्याला जबरदस्तीने कुणी पाठवलं नव्हतं. आमच्या घराचा स्लॅबही त्याच्याच पैशातून पडला. पण म्हणून तो माणूस नाही? इतकी वर्षं तिथला टॅक्स भरतोय, आणि ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याच्या रांगेत वर्षाच्या कार्डांपैकी आपल्याएवढ्या देशालाही जास्तीत जास्त ७ टक्के आणि आइसलँडलाही ७ टक्केच! हा कुठला न्याय?

निदान आपण बेळगावकरांनी तरी असं बोलू नये. आपण कुठले हे दुसऱ्या कुणीतरी कागदावर ठरवायचं आणि आपण वाट बघत बसायचं, हे १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) घातलं तेव्हापासून आपल्या घराघरात चाललंय ना?

४३व्या दिवशी त्याचा फोन आला, नव्या कंपनीने अर्ज भरला म्हणून. मी आईला मिठी मारली. तिने त्या रात्रीही फुली मारलीच. म्हणाली, "मंजुरीचा कागद येऊ दे." आला तेव्हा देवापुढे साखर ठेवली आणि पेन कपाटात टाकलं.

काका, मला तुमचा राग नाही आता. तुम्हाला माहीत नव्हतं. तो कुंदा त्याच्यासाठीच होता, एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवतेय. तो स्वतः चार वर्षं आलेला नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलीय. इथे आला तर परत जाण्याआधी कॉन्सुलेटमध्ये नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि त्यात महिने गेले तर हीसुद्धा नोकरी जाईल. आई विचारते, दिवाळीला येईल का. मी म्हणते, बघू.