आता कुठल्या कंपनीत?

परवा नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक काका. पहिला घास पोटात जायच्या आत प्रश्न आलाच, "काय रे, आता कुठल्या कंपनीत?" त्यांचा सगळा जोर 'आता' या शब्दावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी शटडाऊनला जाणारा माणूस आहे. रिफायनरी दर काही वर्षांनी बंद करतात आणि आतली भांडी, पाइप, व्हॉल्व्ह तपासून दुरुस्त करतात. तीस दिवस, पंचेचाळीस दिवस, फार तर दोन-तीन महिने. मी वेल्डिंगचं इन्स्पेक्शन करतो. आखातातली जुबैल, रुवैस, सोहार, रास लफान. काम संपलं की डिमोब, म्हणजे साइटवरून मोकळं, बॅग भरायची, घरी यायचं आणि पुढच्या फोनची वाट बघायची. चौदा वर्षांत बायोडाटा दोन पानांवरून पाच पानांवर गेला. आमच्या पाहुण्यांच्या हिशेबात याचा अर्थ एकच, पोरगं कुठं टिकत नाही.

असा प्रश्न आला की मला आंद्रेस ओपर आठवतो.

कोण ओपर, असं तुम्ही विचारणार. विचाराच. कोल्हापुरात फुटबॉलचा एवढा नाद असून मी आजवर ज्यांना ज्यांना हे नाव सांगितलं त्यांतल्या एकानंही ओळखलं नाही. मलाही ते कळलं ते डिप्लोमाला असताना, सायबर कॅफेत 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हा फुटबॉल संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळताना. माझ्या संघाकडे पैसे नव्हते. स्वस्तातला फॉरवर्ड शोधताना यादीत एक नाव दिसलं, देश एस्टोनिया, क्लब डेन्मार्कचा आल्बोर्ग. एस्टोनिया नकाशावर कुठं आहे हे मी त्या रात्री घरी जाऊन ॲटलासमध्ये बघितलं. फिनलंडच्या खाली, समुद्रापलीकडे. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या गोव्याहूनही थोडी कमी.

या एवढ्याशा देशासाठी ओपर १३४ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यानं ३८ गोल केले. एस्टोनियाकडून इतके गोल दुसऱ्या कुणाचेही नाहीत. दुसऱ्या नंबरला त्याचाच जोडीदार इंद्रेक झेलिन्स्की, २७ गोल.

आता कुणीतरी खाली कमेंटमध्ये भागाकार करणार, की १३४ सामन्यांत ३८ म्हणजे साडेतीन सामन्यांत एक गोल, त्यात काय मोठं? त्यासाठी तुम्हाला एक तक्ता सांगतो. २००८ च्या युरो स्पर्धेची पात्रता फेरी. गटात इंग्लंड, रशिया, क्रोएशिया, इस्रायल, मॅसेडोनिया आणि अँडोरा. एस्टोनिया १२ सामने खेळला. केलेले गोल ५, खाल्लेले २१. त्या १२ पैकी ९ सामन्यांत एस्टोनियाचा एकही गोल नाही. अशा संघाचा फॉरवर्ड म्हणजे काय काम असतं याची कल्पना करा. नव्वद मिनिटं मागून कुणीतरी लांब चेंडू उडवणार. दोन धिप्पाड डिफेंडर पाठीवर घेऊन तुम्ही तो छातीवर थांबवायचा आणि आपली माणसं वर येईपर्यंत सांभाळायचा. ती माणसं येतच नाहीत, कारण ती गोलसमोर भिंत होऊन उभी असतात. मग फाऊल मिळवायचा, उठायचं, परत तेच. एखाद्या सामन्यात एक संधी मिळाली तर मिळाली. हॉलंड किंवा इंग्लंडचा फॉरवर्ड ती संधी घालवतो तेव्हा पाच मिनिटांत दुसरी येते. ओपरला दुसरी यायला कधी कधी पुढचा महिना उजाडायचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसून "अरे मार की!" ओरडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गणित समजायला वेळ लागतो. मला तरी लागला.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात झगमगता दिवस मी फार उशिरा, कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत मोबाइलवर, एका धूसर व्हिडिओत बघितला. २ जून २००१. एस्टोनियाची राजधानी टालिनमध्ये नवं स्टेडियम बांधलं होतं, नाव ए. ले कॉक अरेना. (ए. ले कॉक ही तिकडची बिअर आहे. आपल्याकडे असं नाव ठेवलं असतं तर काय काय झालं असतं, सोडा.) त्या मैदानाचं उद्घाटन आणि विश्वचषक पात्रतेचा सामना, दोन्ही एकाच दिवशी. समोर हॉलंड. क्लुइव्हर्ट, व्हॅन निस्टलरॉय, प्रशिक्षक व्हॅन गाल. मजा म्हणजे एस्टोनियाचा प्रशिक्षकही डचच, आर्नो पायपर्स. पहिल्या अर्ध्यात शून्य-शून्य. दुसऱ्या अर्ध्यात ओपरनं गोल मारला. त्या नव्या मैदानावरचा तो पहिला गोल, कुणी पुसू शकत नाही असा. हॉलंडनं बरोबरी केली. मग झेलिन्स्कीनं मारला आणि एस्टोनिया २–१ नं पुढं. दहाएक मिनिटं राहिली होती.

शेवटी हरले ४–२. अगदी अखेरच्या मिनिटांत तीन खाल्ले. माझ्या खोलीतला केरळचा पोरगा म्हणाला, "भाई, हरलेली मॅच कशाला बघतोस परत परत?"

याच्याही पाच वर्षं आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय या देशाच्या फुटबॉलची गंमत कळणार नाही. ऑक्टोबर १९९६, टालिनमध्येच स्कॉटलंडविरुद्ध सामना. आदल्या दिवशी स्कॉटलंडनं फ्लडलाइटबद्दल तक्रार केली. फिफानं सामना संध्याकाळऐवजी दुपारी घ्यायला सांगितला. एस्टोनियावाले म्हणाले, आम्हाला जमत नाही, आणि आलेच नाहीत. स्कॉटलंडचे अकरा जण मैदानात उतरले, समोर कुणी नाही, रेफ्रीनं शिट्टी मारली, किक-ऑफ झाली आणि काही सेकंदांत सामना संपला. गॅलरीतले स्कॉटिश लोक गात होते, टालिनमध्ये एकच टीम आहे म्हणून. पुढं तो सामना फेब्रुवारी १९९७ मध्ये मोनॅकोला जाऊन परत खेळवला, ०–०. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश होता तो. सोव्हिएत काळात तिथं फुटबॉल हा रशियन भाषिकांचा खेळ समजला जायचा, एस्टोनियन घरातली पोरं बास्केटबॉलकडे किंवा स्कीइंगकडे जायची. सगळं नव्यानं उभं करायचं होतं. ओपर १९७७ चा. देश स्वतंत्र झाला तेव्हा तेरा वर्षांचा, आणि सतरा वर्षांचा असताना राष्ट्रीय संघात.

आता त्याचा बायोडाटा.

टालिनचा फ्लोरा, तिथं लीग जिंकली. १९९९ ला आल्बोर्ग. २००३ ला मॉस्कोचा तोर्पेदो. २००५ ला हॉलंडमधला रोडा जेसी. २००९ ला शांघाय शेन्हुआ. २०१० ला परत हॉलंड, एडीओ डेन हाग. मग सायप्रस, आधी एईके लार्नाका, नंतर निया सलामिना. सहा देश, आठ क्लब. आमच्या काकांच्या मोजमापानं पूर्ण वाया गेलेली केस.

पण जरा थांबून ही नावं बघा. आल्बोर्गचा क्लब १८८५ मध्ये रेल्वे टाकायला आलेल्या इंग्रज इंजिनिअरांनी काढला, आणि सुरुवातीला ते तिथं क्रिकेट खेळायचे! तोर्पेदो म्हणजे मॉस्कोच्या झिल ट्रक कारखान्याच्या कामगारांचा क्लब, फुटबॉलमधला स्ट्रेल्त्सोव्हसारखा देवमाणूस तिथलाच. ओपर गेला तोवर तो कारखान्याच्या हातातून लुझनिकी स्टेडियमवाल्यांच्या हातात गेला होता. बारा वर्षांपूर्वी ज्या राजधानीच्या ताब्यातून देश सुटला, त्याच राजधानीत हा पोरगा चांगल्या पगारावर गोल मारायला निघाला. टालिनच्या चहाच्या टेबलांवर तेव्हा काय बोललं गेलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. आमच्याकडे तर एका तालमीचा, म्हणजे फुटबॉल संघाचा, खेळाडू दुसऱ्या तालमीकडे गेला की पेठेत महिनाभर कुणी त्याला चहाला बोलावत नाही.

रोडा मात्र मला त्याच्या स्वभावाचा क्लब वाटतो. गाव केर्क्राडे, नेदरलंड्सच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, कोळशाच्या खाणींचा भाग. खाणी सत्तरच्या दशकात बंद पडल्या, पण क्लबच्या लोकांना अजून 'कूम्पेल' म्हणतात, म्हणजे खाणकामगार. गावात एक रस्ता आहे, त्याची एक बाजू नेदरलंड्समध्ये आणि दुसरी जर्मनीत. पोस्टमन वेगळा, पोलीस वेगळा, रस्ता एकच. तिथं ओपर चार वर्षं राहिला. त्याच काळात, २००८ ला, रोडा डच कपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि फेयनूर्डकडून ०–२ हरला.

चार वर्षं आल्बोर्गला, चार वर्षं रोडाला. म्हणजे जिथं काम मिळत होतं, शरीर साथ देत होतं, तिथं माणूस राहिला. पुढची चार नावं दोन-तीन वर्षांत उरकलेली आहेत, आणि ती सगळी वयाच्या एकतिशीनंतरची. फॉरवर्डचा धंदाच असा. क्लबला गोल हवे असले की सगळ्यात आधी त्याला विकत घेतात, गोल आटले की सगळ्यात आधी त्यालाच काढतात. डिफेंडरला दोन वाईट महिने माफ असतात.

शांघायची फार काही कहाणी नाही, आला आणि गेला. तीन वर्षांनी त्याच क्लबात आनेल्का आणि द्रोग्बा आले तेव्हा जगभर बातम्या झाल्या. डेन हागला अर्धा हंगाम, म्हणजे आमच्या भाषेत पंचेचाळीस दिवसांचा शटडाऊन. सायप्रसला गेला तेव्हा लार्नाकाच्या क्लबचा क्रीडा संचालक होता जॉर्डी क्रुइफ, थोर डच फुटबॉलपटू योहान क्रुइफचा मुलगा. ओपर नेमका कुणाच्या शब्दावर गेला ते राहू दे, पण आमच्या लाइनमध्ये फोन असेच येतात. रुवैसला ज्या सुपरवायझरबरोबर काम केलेलं असतं, तो सोहारला गेला की तिथून विचारतो, "येतोस का?" बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस भरकटतोय.

आणि निया सलामिना! हा क्लब फामागुस्ता शहराचा. १९७४ मध्ये तुर्की सैन्य आलं, शहर पलीकडे गेलं, लोक निर्वासित झाले. क्लब तेव्हापासून लार्नाकात राहतो. स्टेडियमला नाव मात्र आपल्या सुटलेल्या शहराचंच, अमोहोस्तोस, म्हणजे ग्रीकमध्ये फामागुस्ता. जो क्लब स्वतःच पन्नास वर्षं परक्या गावात राहतोय, त्याच्याकडे ओपरसारखा माणूस शेवटी येऊन थांबावा, हे मला फार आवडतं. यात काही अर्थ असेलच असं नाही. आवडतं, इतकंच.

कुणी म्हणेल, कौतुक करायचंच तर त्याच देशाच्या क्लावानचं कर, लिव्हरपूलला खेळला. किंवा गोलकीपर मार्ट पूमचं, ज्यानं २००३ मध्ये संडरलंडकडून आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध, डर्बीविरुद्ध, अखेरच्या क्षणी पुढं धावत जाऊन हेडरनं गोल मारला. कबूल, दोघंही थोर. पण त्यांना निदान इंग्लंडच्या टीव्हीनं जगासमोर आणलं. ओपरचे सामने कोण दाखवणार होतं? मी कॅम्पमधून फक्त स्कोअर वाचायचो. कधी नाव दिसायचं, बहुतेक वेळा नाही.

राष्ट्रीय संघातून तो निरोप घेऊन बाहेर पडला २६ मे २०१४ ला. प्रतिस्पर्धी जिब्राल्टर, ज्यांना युरोपच्या फुटबॉल संघटनेत येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. लोकसंख्या तीस-बत्तीस हजार. सामना १–१ सुटला. एकोणीस वर्षांची नोकरी आणि शेवटचा दिवस असा. घरच्या मैदानावर, ज्यातला पहिला गोल त्याचा होता, त्याच मैदानावर, जिब्राल्टरशी बरोबरी. मी त्या दिवशी रास लफानला नाइट शिफ्टवर होतो, जेवणाच्या सुट्टीत स्कोअर बघितला आणि एकटाच हसलो. शेजारच्या फिटरनं विचारलं, काय झालं. सांगायला गेलो तर ओपर कोण इथून सुरुवात करावी लागली असती, म्हणून काही नाही म्हणालो.

असो. बारशातल्या काकांना मी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलंच. जिलेबीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "काका, पुढच्या शुक्रवारी मुंबईहून फ्लाइट आहे. सोहार. साठ दिवस."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर फोन येईल."

काकांनी मान हलवली आणि मठ्ठा मागितला.