चिनी माणसाच्या घरी राहिलं की अटक? साफ खोटं!

आत्याचा मुलगा चीनमधल्या शियामेन शहरात नोकरीला आहे. त्याच्या तिथल्या सहकाऱ्याने आत्याला युंगतिंगजवळच्या आपल्या गावी राहायला बोलावलंय. घर मातीचं, गोल, चारमजली. तिकडे त्याला थुलोउ म्हणतात. आणि घरच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड वाचून आत्याने नकार कळवून टाकला! म्हणून त्या फॉरवर्डमधला एकेक दावा घेऊन हे लिहितोय.

‘परदेशी माणूस चिनी घरात राहिला तर दोघांनाही अटक.’ सगळ्यात घातक थाप हीच. चीनचा प्रवेश-निर्गमन कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याचं कलम ३९ वाचा. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेल करतं. दुसरीकडे मुक्काम केलात तर २४ तासांत तुम्ही किंवा यजमानाने पोलिसांकडे नोंद करायची. ती नोंद करायची राहून गेली तर कलम ७६ प्रमाणे ताकीद, शिवाय २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. यात घरी राहायला बंदी कुठे आहे? नोंदणी टाळता येत नाही, एवढंच काय ते खरं.

‘ती घरं म्हणजे पर्यटकांसाठी लावलेला सेट.’ तिथलं छंगछी लोउ नावाचं थुलोउ १७०९ सालचं आहे. अशा ४६ वास्तू युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतल्या. हक्का हा तिथला एक चिनी समाज. त्यांच्या या घरांत वाटणी मजल्यांची नसते, एकेका कुटुंबाला तळापासून वरपर्यंतचा उभा पट्टा मिळतो. तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याची कोठी, त्याच्या वर निजायच्या खोल्या. सगळ्यांची दारं आतल्या अंगणाकडे, आणि मधोमध पूर्वजांचं दालन. मोठ्या घरांना तिकीट आहे, पर्यटकांना वर सोडत नाहीत, तरुण मंडळी शहरात गेल्याने खोल्यांना कुलपं आहेत, हे मान्य. म्हणून राहत्या घराला सेट म्हणायचं?

‘अमेरिकेला ती क्षेपणास्त्रांची कोठारं वाटली होती.’ गाइड लोकांची आवडती गोष्ट. आत्याच्या जाण्या-न जाण्याशी तिचा काय संबंध?

‘ताटात साप आणि किडे वाढतात.’ हक्का घरात रोजचं जेवण म्हणजे भात, टोफू, पालेभाज्या, खारवून वाळवलेला मोहरीचा पाला. आत्या शाकाहारी आहे, तेव्हा विचारायचं ते डुकराच्या चरबीबद्दल, कारण तिच्यात भाज्याही परततात. ते कढई चढायच्या आधी, फोन करूनच सांगायला हवं. पोलिसांकडची नोंद मुलगा करणार की यजमान, हेही त्याच फोनवर ठरवून टाका. आणि आत्या, तो नकार आजच मागे घे.