हा मेसेज कॉकटेलचा नाहीच

'कॉकटेलची जोडी आणा, पिंजऱ्यात मटकी टांगा, दर महिन्याला पिल्लं घ्या' या मथळ्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. कॉकटेल म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट आणि मटकी म्हणजे घरट्यासाठी टांगायचं छोटं मडकं. थोडक्यात मजकूर असा: गाल लाल तो नर. सहा महिन्यांची जोडी तयार समजा. खायला राळा पुरतो. मादी अंड्यांवर बसली की नर बाजूला काढा. अंडी उचलत राहिलात तर मादी आणखी घालते. दहाव्या दिवशी पिल्लं काढून हाताने भरवा, माणसाळलेल्या पिल्लाला भाव येतो.

वाचताना वाटत राहिलं की लिहिणाऱ्याने कॉकटेल कधी पाळलेलाच नाही. त्याने बजरीगार पाळलेत, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते. त्यांचीच माहिती नाव बदलून दिली आहे.

पुरावा 'नर बाजूला काढा' या वाक्यातच आहे. बजरीगारात अंडी एकटी मादी उबवते, नर बाहेरून तिला भरवतो. कॉकटेलचं तसं नाही. दिवसपाळी मुख्यतः नराची आणि रात्रपाळी मादीची. आमच्या गॅलरीत ही पाळी सकाळी सातच्या सुमारास बदलते. मादी अंड्यांच्या पेटीतून बाहेर येते, एक पाय आणि एक पंख मागे ताणते, रात्रभर रोखून धरलेली भलीमोठी, वास मारणारी शीट टाकते आणि थेट दाण्याच्या वाटीवर जाते. तोवर नर आत गेलेला असतो. हा नर काढून घेतलात तर मादीने खायचं कधी? ती उठली की अंडी गार पडणार, नाही उठली तर ती खंगणार.

मटकीचंही तेच. बजरीगारला ती पुरते. कॉकटेलला साधारण फूटभर लांब, रुंद आणि उंच लाकडी पेटी लागते, तीन इंचांच्या भोकाची, तळाला सुताराकडच्या रंध्याच्या भुशाचा थर. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि वेळेत लक्षात आलं नाही तर तसेच राहतात.

लाल गाल नराला असतात तसे मादीलाही असतात. साध्या करड्या रंगात पहिली पिसं झडल्यावर नराचं तोंड पिवळंधमक होतं, मादीचं मळकट राहतं आणि शेपटीखाली आडवे पट्टे टिकतात. त्याआधी सगळीच पिल्लं मादीसारखी दिसतात. पाईड, म्हणजे अंगावर पांढरे-पिवळे चट्टे असलेल्या रंगात तर डोळ्यांनी कळतच नाही, पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. ओळखीतल्या एकाच्या 'जोडी'ने पेटीत नऊ अंडी घातली, एकही भरलं नाही. दोन्ही माद्या होत्या आणि दोघी इमानेइतबारे आळीपाळीने बसत होत्या!

सहा महिन्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या वयात मादी अंडी घालू शकते, म्हणूनच हा सल्ला धोक्याचा. माझी पहिली मादी नऊ महिन्यांची होती आणि चूक पूर्णपणे माझीच. दोन अंडी झाली आणि तिसऱ्याच्या सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली दिसली, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली. अंडं अडकलं होतं. डॉक्टरांनी ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे संध्याकाळी ते सुटलं. हातात घेतलं तर कवच नव्हतंच, रबरासारखं लिबलिबीत. तोवर तिच्या वाटीत मी राळा आणि सूर्यफूल याशिवाय काही ठेवलं नव्हतं. ती वाचली, पण अशा किती तरी माद्या वाचत नाहीत.

हिशेब करून बघा. मादीचं वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास, अंडं पाचेक ग्रॅमचं. पाच अंडी म्हणजे पंचवीस ग्रॅम, जवळजवळ पाव मादी, तेही नऊ-दहा दिवसांत. हे कॅल्शियम नुसत्या दाण्यातून येत नाही. समुद्रफेस कायम लटकलेला हवा, उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग आणि कोवळं ऊन, तेही काचेतून आलेलं नको. जोडी दीड वर्षाची झाल्यावरच पेटी लावावी आणि वर्षातून दोन खेपांच्या पुढे जाऊ नये.

आणि याच मादीची अंडी उचलत राहायची! उचललं की ती भरपाईला आणखी घालते हे अगदी खरं, पण ते तिच्या हाडांतून काढलेलं असतं. अंडी भरलेली नसली तरी मादी कंटाळून स्वतःहून सोडेपर्यंत ती तशीच राहू द्यावीत.

दहा दिवसांच्या पिल्लाचे डोळे नुकते उघडत असतात. त्याला दिवसभर दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं आणि सतत ऊब द्यावी लागते. खाणं चाळीस अंशांच्या आसपास हवं. गार असलं तर गळ्याखालच्या पिशवीत पडून नासतं, जास्त गरम असलं तर पिशवी आतून भाजते. बोट बुडवून हा अंदाज येत नाही, थर्मामीटर लागतो. बरं, पिल्लू माणसाळायला हा खटाटोप लागतोच असं नाही. आईबाप भरवत असताना रोज थोडा वेळ हातात घेतलं तरी ते बिनधास्त खांद्यावर बसतं.

राहता राहिलं 'दर महिन्याला'. अंडी पूर्ण व्हायला दहा दिवस, उबायला अठरा ते एकवीस, पेटीबाहेर यायला पुढे पाच आठवडे आणि स्वतःचं स्वतः खायला अंड्यातून बाहेर आल्यापासून आठ-दहा आठवडे. पहिल्या अंड्यापासून धरले तर तीन महिने सहज जातात. पाचांतलं एखादं अंडं भरत नाही, एखादं पिल्लू जगत नाही, ते वेगळंच.

आमच्याकडे पेटी सध्या माळ्यावर आहे. तरी मादी सोफ्याखालचा अंधारा कोपरा हेरून बसली होती, म्हणून तिथे पुठ्ठा लावलाय आणि पिंजऱ्यावर संध्याकाळी सहालाच चादर पडते. दिवस लांब वाटला की तिला पुन्हा अंड्यांची घाई होते. नर चादरीखालून अर्धा तास शिट्ट्या मारत निषेध नोंदवतो.